सही न केलेला कागद : सातारच्या प्रतापसिंह महाराजांचं प्रकरण

मुंबईत मस्जिद बंदरजवळ रेल्वेवरून जाणारा कर्नाक पूल पाडून नवा बांधला आणि जुलै २०२५ मध्ये त्याचं नाव सिंदूर पूल ठेवलं, तेव्हा बातम्यांमध्ये दोन दिवस एक नाव फिरत होतं, सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज. कर्नाक म्हणजे मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स रिव्हेट कर्नाक, आणि त्याने महाराजांना गादीवरून काढलं, एवढं सांगून बातमी संपत होती. मला तेव्हापासून वाटत होतं की यावर नीट, सगळं प्रकरण उलगडून लिहायला पाहिजे, कारण पूल आणि नाव हा त्यातला फारच छोटा भाग आहे. खरी गोष्ट एका कागदाची आहे, तो कागद समोर ठेवला गेला, महाराजांनी सही केली नाही, आणि राज्य गेलं.

सत्ता गेलेल्या राजांचे शब्द आपण खूप वाचतो, बहुतेक वेळा ते नंतर लिहिलेले असतात, निवांत बसून, स्वतःची बाजू मांडायला. प्रतापसिंहांचं वेगळं आहे. त्यांचे महत्त्वाचे शब्द सत्ता जायच्या आधीचे आहेत, आणि ते बोलले म्हणूनच सत्ता गेली. नंतरची आठ वर्षं काशीत बसून ते तेच परत परत म्हणत राहिले, एक अक्षर न बदलता.

आधी माणूस समजून घेऊ. जन्म १७९३ चा. वडील दुसरे शाहू महाराज १८०८ मध्ये गेले आणि पंधरा वर्षांचा मुलगा छत्रपती झाला, पण छत्रपती म्हणजे काय तर दुसऱ्या बाजीरावाच्या नजरकैदेतला माणूस. नावाने सगळ्या मराठी राज्याचा धनी आणि प्रत्यक्षात सातारच्या किल्ल्याबाहेर पाय टाकायचा तर पेशव्याची परवानगी. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात बाजीराव पळत असताना महाराजांना, त्यांच्या आईला आणि भावांना सोबत घेऊन फिरवत होता. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला लढाई झाली, पेशव्याचे सेनापती बापू गोखले पडले, आणि हे सगळं कुटुंब इंग्रजांच्या जनरल स्मिथच्या हाती लागलं. एप्रिलमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने त्यांना साताऱ्यात गादीवर बसवलं. वय पंचवीस.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कंपनीने हे राज्य प्रेमापोटी दिलं नव्हतं. फेब्रुवारीत सातारचा किल्ला घेतला तेव्हाच एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला होता की छत्रपतींना छोटं राज्य देणार, कारण बाजीरावाच्या बाजूने लढणाऱ्या मराठ्यांना त्याच्यापासून तोडायचं होतं, आणि त्यासाठी शिवाजी महाराजांच्या गादीचा मान पुरेसा होता. म्हणजे गादीत अजून ताकद होती, शत्रूलाही ती वापरावीशी वाटली इतकी. पण महाराजांनी मात्र ती भेट दोस्तीची म्हणून घेतली. पेशव्याच्या कैदेतून ज्यांनी सोडवलं ते आपले मित्र, असं त्यांनी मनापासून धरलं, आणि याला भोळेपणा म्हणायची मला घाई नाही, कारण दहा वर्षं बंदिवासात काढलेल्या पोराला दार उघडणारा माणूस मित्रच वाटणार.

२५ सप्टेंबर १८१९ ला तह झाला. उत्तरेला नीरा आणि भीमा, दक्षिणेला वारणा आणि कृष्णा, पश्चिमेला सह्याद्री, पूर्वेला पंढरपूर-विजापूरपर्यंतचा मुलूख. राज्यकारभार सुरुवातीला पॉलिटिकल एजंट ग्रँट डफ बघायचा, तोच ज्याने पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिला, आणि १८२२ मध्ये त्याने सगळे अधिकार महाराजांच्या हाती दिले.

या तहातलं पाचवं कलम म्हणजे या प्रकरणाची नाळ आहे. त्यात म्हटलंय की महाराजांनी आपल्या मुलखाबाहेरच्या कुठल्याही राजाशी, सरदाराशी, जहागीरदाराशी, कुणाशीही परस्पर संबंध ठेवायचा नाही. सोयरीक जुळवायची असेल तरी ती एजंटच्या मार्फत. आणि ही अट मोडली तर तहाने मिळालेलं सगळं जाईल.

आता विचार करा, सातारची गादी म्हणजे नेमकं काय होतं? नागपूरकर भोसले, बडोद्याचे गायकवाड, ग्वाल्हेरचे शिंदे, इंदूरचे होळकर, कोण किती जुमानत होतं ते सोडा, पण मान साताऱ्याचा होता, पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहून यायची. शंभर वर्षं हे सगळं एका धाग्यात होतं, धागा कितीही बारीक झाला तरी होता. पाचव्या कलमाने तो धागाच कापला. जमिनीचा तुकडा दिला, गादी दिली, छत्र-चामर दिलं, आणि ज्यांच्यामुळे ती गादी मराठ्यांची गादी होती त्यांना साधं पत्र लिहायची मुभा काढून घेतली. त्या काळच्या आपल्या दरबारी कागदांत आजच्या अर्थाने राष्ट्र हा शब्द शोधत बसू नका, तिथे राज्य, गादी, दौलत, तह, दोस्ती, अब्रू असे शब्द असतात, पण राष्ट्र म्हणजे काय याचा प्रश्न या पाचव्या कलमात पुरता उघडा पडलाय. माणसांनी एकमेकांशी बोलायचंच नाही असं ठरवलं तर उरतं काय, तर नकाशावरचा एक रंगवलेला तुकडा.

तरीही महाराजांनी त्या तुकड्यात जे केलं ते बघण्यासारखं आहे. यवतेश्वरच्या डोंगरावरून साताऱ्यात पाणी आणलं, रस्ते केले, शाळा काढली, छापखाना आणला. महाबळेश्वर १८२९ मध्ये कंपनीला दिलं आणि बदल्यात वाई भागातलं खंडाळा घेतलं. त्यांनी बांधलेला वाडा आज साताऱ्यात जुना राजवाडा म्हणून उभा आहे.

आणि एल्फिन्स्टनने लिहून ठेवलेलं एक चित्र आहे ते मला फार आवडतं. तो साताऱ्याला आला होता, राज्यकारभार, रस्ते, पाण्याची व्यवस्था बघून खूश झाला, पण सगळ्यात जास्त लक्षात काय राहिलं तर महाराजांची खासगी बसायची खोली. खोलीत एकच टेबल, त्यावर हिरवी मखमल, आणि त्या टेबलाशी खुर्चीत बसून शिवाजी महाराजांचा वंशज आपली पत्रं आणि रोजनिशी स्वतःच्या हाताने लिहितो. स्वतःच्या हाताने! त्या काळात राजा सांगायचा आणि कारकून लिहायचा, मोडीत भराभर, शेवटी शिक्का मारला की झालं. हा माणूस स्वतः लिहायचा. म्हणजे कागदावर काय उतरतंय, कुठल्या शब्दाचा काय अर्थ होतो, याची त्याला रोजची सवय होती. हे टेबल डोक्यात ठेवा.

कंपनीच्या लंडनच्या डायरेक्टरांनाही हे कळत होतं. १८३५ मध्ये त्यांनी ठराव करून महाराजांच्या उत्तम कारभाराबद्दल अभिनंदनाचं पत्र आणि एक तलवार भेट पाठवली. ती मुंबई सरकारने महाराजांना दिलीच नाही. तलवार आली आणि मुंबईतच अडकवून ठेवली. कारण तोपर्यंत भांडण सुरू झालेलं होतं.

भांडण जहागिरींचं. भोरचे पंत सचिव, औंधचे पंत प्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले, वाईचे शेख मिरा, हे साताऱ्याचे जहागीरदार. महाराजांचं म्हणणं की हे आमचे, त्यांच्या वारसाचा, दत्तकाचा, जप्तीचा निर्णय आमचा. मुंबई सरकारचं म्हणणं की आम्ही त्यांना हमी दिली आहे. महाराजांनी हे प्रकरण लंडनपर्यंत न्यायचं ठरवलं, डायरेक्टरांनी महाराजांच्या बाजूचा कौलही दिला, पण तो मुंबई सरकारने त्यांना सांगितलाच नाही. थेट वर जाणारा राजा खालच्या अधिकाऱ्याला कधीच आवडत नाही, हे आपल्याकडे कुठल्याही ऑफिसात काम केलेल्या माणसाला सांगायला नको. शिवाय घरातही वैर होतं. भोसले क्षत्रिय की नाही, त्यांचे धार्मिक विधी वेदमंत्रांनी (वेदोक्त) करायचे की पुराणातल्या मंत्रांनी (पुराणोक्त), यावरून साताऱ्यात १८३० च्या सुमारास मोठा वाद झाला होता आणि महाराज त्यात ठाम उभे राहिले होते, त्यामुळे दुखावलेले लोक पुण्यापासून सांगलीपर्यंत होते. धाकटा भाऊ अप्पासाहेब, त्याचंही बिनसलेलं.

१८३६ च्या उन्हाळ्यानंतर बाण सुटला. अंताजी नावाचा एक ब्राह्मण आणि कंपनीच्या तेविसाव्या पलटणीतले दोन सुभेदार, त्यांनी सांगितलं की महाराज पलटण फितवायला बघतात. लगेच गुप्त कमिशन बसलं, रेसिडेंट म्हणजे साताऱ्यातला कंपनीचा प्रतिनिधी लॉडविक, विलोबी आणि ओव्हन्स हे तिघं. दिवाण गोविंदराव यांना पकडून अहमदनगरला नेऊन ठेवलं. यात पुढे अजून दोन आरोपांची भर पडली, एक म्हणजे गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयशी कित्येक वर्षं कारस्थान, आणि दुसरा म्हणजे नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार.

आरोपांकडे जरा बघू. पोर्तुगीज फौज येऊन इंग्रजांना हाकलणार, ही योजना. पण ज्या वर्षांबद्दल बोलतायत त्यात पोर्तुगालमध्ये दोन भावांचं यादवी युद्ध चाललं होतं, १८३४ पर्यंत, स्वतःच्या राजधानीचा ताबा कुणाकडे याचा पत्ता नाही आणि ते सह्याद्रीत फौज पाठवणार. नागपूरकर अप्पासाहेब जोधपूरला आश्रयाला, ना पैसा ना सैन्य. आणि पुरावे? दिवाणाची आई गिरजाबाई हिच्या नावाने एक अर्ज सरकारकडे आला, त्यात मुलाचा आणि महाराजांचा दोष कबूल केलेला. तो तिने दिलाच नव्हता. पुढे कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या माणसाने स्वतःच सांगितलं की तो अर्ज मी लिहिला, आणि त्याचं बक्षीस मला मिळालं नाही अशी तक्रार केली! गोव्याच्या माजी व्हाइसरॉयने असलं काही घडल्याचा इन्कार केला. लॉडविक, कमिशनमधला एक, महाबळेश्वरचा लॉडविक पॉइंट ज्याच्या नावाचा तोच, त्याने नंतर लंडनला जाऊन उघडपणे महाराजांची बाजू घेतली. कमिशनवर बसलेला माणूसच जेव्हा म्हणतो की हे चुकलं, तेव्हा त्यापुढे आणखी काय पाहिजे.

एक मागणी महाराजांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत केली. आरोपांची प्रत द्या, साक्षीदार माझ्यासमोर आणा, उघड चौकशी करा, आणि दोषी ठरलो तर जी शिक्षा द्याल ती द्या. ही मागणी कधीच मान्य झाली नाही.

आता ऑगस्ट १८३९. गव्हर्नर कर्नाक स्वतः साताऱ्याला आला. हा पूर्वी कंपनीच्या डायरेक्टरांचा चेअरमन राहिलेला माणूस, नुकताच मुंबईला गव्हर्नर होऊन आलेला. त्याच्या मनात, मला वाटतं, खरंच प्रकरण मिटवायचं होतं, खटला नको, बोभाटा नको, राजाला ताकीद देऊन सोडू. त्याने महाराजांसमोर एक कागद ठेवला. अटी तशा भयंकर नव्हत्या. १८१९ चा तह काटेकोर पाळायचा, भावाला त्याचं द्यायचं, बळवंतराव चिटणीसांना कामावरून काढायचं, जहागीरदारांना इंग्रजांची हमी. हे सगळं मान्य केलं की झालं गेलं विसरून जाऊ, राज्य तुमचंच.

फक्त कागदाच्या सुरुवातीला प्रस्तावना होती. तिचा मतलब असा की महाराजांनी वाईट सल्लागारांच्या नादी लागून इंग्रज सरकारविरुद्ध शत्रुत्वाचे व्यवहार केले आणि तह मोडला. तिच्याखाली सही.

महाराजांनी सांगितलं की बाकी सांगाल ते करीन, पण मी तुमच्याशी वैर केलं आणि तह मोडला हे लिहून देणार नाही. दोस्ती आहे तोवर सगळं तुमचंच आहे, पण जे मी केलं नाही ते केलं म्हणून माझ्या हातून लिहून घेऊ नका. कर्नाकने समजावलं, मुदत दिली, पुन्हा भेटी झाल्या, लॉडविकनंतर रेसिडेंट झालेल्या ओव्हन्सने समजावलं, परत तेच उत्तर.

मी इथे बराच वेळ अडकलो होतो, हे प्रकरण पहिल्यांदा समजून घेत होतो तेव्हा. मला वाटायचं, अहो एक सहीच तर होती. राज्य राहिलं असतं. शाळा, पाणी, रस्ते, सगळी कामं चालू राहिली असती. लाखो रयतेचा राजा आहात, तुमच्या एका माणसाच्या अब्रूपेक्षा त्यांचं सुख मोठं नाही का? हा प्रश्न खोटा नाही, आणि त्याला टाळून महाराजांना नुसतं थोर म्हणणं मला पटत नाही. राजाचं कर्तव्य कुणाशी, स्वतःच्या शब्दाशी की लोकांशी?

पण पाचवं कलम परत वाचलं तेव्हा उलगडलं. तह मोडला तर सगळं जाईल, असं त्यात लिहिलंय. म्हणजे त्या प्रस्तावनेखाली सही केली की महाराज स्वतःच्या हाताने लिहून देत होते की मी तह मोडला, म्हणजेच माझं राज्य कायद्याने आधीच गेलेलं आहे, आता जे आहे ते गव्हर्नरच्या मेहेरबानीवर. पुढच्या कुठल्याही दिवशी, कुठल्याही रेसिडेंटने तो कागद काढून दाखवला असता. तहाने आलेला राजा एका सहीत दयेवरचा राजा झाला असता, आणि त्याच्यानंतरचे सगळे. हिरव्या मखमलीच्या टेबलाशी बसून रोज स्वतः लिहिणाऱ्या माणसाला हे दिसलं नसेल असं मी मानायला तयार नाही. त्यांचं उत्तर अब्रूच्या भाषेत आहे हे खरं, पण त्या अब्रूच्या आत कायद्याची पक्की समज आहे. शिवाय ही गादी त्यांची एकट्याची नव्हती, थोरल्या महाराजांपासून चालत आलेली होती, आणि चालत आलेल्या गोष्टीच्या बाबतीत खोटा कबुलीजबाब द्यायचा अधिकार मला नाही, अशी ती भूमिका.

५ सप्टेंबर १८३९ चा दिवस उगवायच्या आधी ओव्हन्स पलटण घेऊन वाड्यावर आला. महाराजांना बिछान्यातून उठवलं आणि पालखीत घालून शहराबाहेर नेलं. काही मैलांवर लिंब गावी गुरांच्या गोठ्यात ठेवलं, अशी त्यांच्या बाजूच्या लोकांनी पुढे लंडनमध्ये तक्रार केली. एक गोळी सुटली नाही. साताऱ्यात महाराजांचे शिपाई होते, लोक होते, पण महाराजांनी आधीच बजावलं होतं की कुणी हात उचलायचा नाही. आपण तह मोडला नाही हे सांगणारा माणूस शेवटच्या क्षणी हत्यार उचलून आरोप खरा कसा करणार? यावरही आपल्याकडे टीका झाली आहे की लढायला पाहिजे होतं, आणि मी ती समजू शकतो. पण ते त्यांच्या शब्दाला धरून होतं, यात शंका नाही.

खासगी मालमत्ताही जप्त झाली. काशीला पाठवायचा हुकूम निघाला. आणि इथे एक माणूस येतो, बाळासाहेब सेनापती, महाराजांचे भाऊबंद, त्यांच्यावर कुठला हुकूम नव्हता, त्यांना जायची गरज नव्हती. ते स्वतःहून सोबत निघाले, बायको गरोदर असताना. वाटेत बाळ झालं, आणि काशीला पोचायच्या आत बाळासाहेब वारले. त्या मुलाला महाराजांनी पुढे दत्तक घेतलं, नाव शाहू. राजाचे शब्द काय वजनाचे होते हे मोजायचं असेल तर मी याच्याकडे बघतो, की राज्य गेल्यावर, द्यायला हातात काही उरलेलं नसताना, कोण बरोबर चालत गेलं.

दुसरा माणूस रंगो बापूजी गुप्ते. वकील म्हणून लंडनला गेले, १८४० मध्ये पोचले, आणि १८५३ च्या अखेरपर्यंत तिथेच होते. सहज जाऊन यायचं म्हणून गेलेला माणूस नव्हे हा, धोतर-पगडीतला मराठी माणूस, समुद्र ओलांडून गेलेला, इंग्रजी तिथे जाऊन शिकला, सभेत उभा राहून बोलायला लागला. ईस्ट इंडिया हाउसमध्ये भागधारकांच्या सभा व्हायच्या, तिथे जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्पसन यांच्यासारखे लोक महाराजांची बाजू तासन् तास मांडायचे. डायरेक्टरांमध्येही काहींनी उघड विरोध नोंदवला. पैसे संपले, कर्ज झालं, घरून निरोप येईना, आणि ज्यांच्यासाठी गेले होते ते महाराज १४ ऑक्टोबर १८४७ ला काशीत गेले. वकील तरी थांबला नाही. अशील गेल्यावर आणखी सहा वर्षं रंगो बापूजी तेच सांगत होते की एकदा चौकशी करा. ही चिकाटी नुसत्या नोकरीतून येत नाही.

काशीतल्या आठ वर्षांत महाराज डायरेक्टरांना, अधिकाऱ्यांना अर्ज लिहीत राहिले. त्या सगळ्याचा गाभा एकच की मला राज्य परत द्या असं म्हणण्याआधी माझं म्हणणं ऐकून घ्या. सत्तेबद्दल ते जे म्हणतात त्यात मला एक गोष्ट नेहमी दिसते, ते इंग्रजांच्या ताकदीवर कधी शंका घेत नाहीत, तुम्ही बलवान आहात हे त्यांना मान्यच आहे. ते त्यांना त्यांच्याच कागदाची आठवण देतात. तह दोघांनी केला, मग मोडला की नाही हे एकट्याने कसं ठरवलं? दुबळ्या बाजूने बलवानाला विचारायचा यापेक्षा मोठा प्रश्न मला माहीत नाही, आणि नंतर शंभर वर्षं आपल्या देशात अर्ज, सभा, वर्तमानपत्रं यांतून हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला गेला. म्हणून मला प्रतापसिंहांना फक्त शेवटच्या काळातला एक हरलेला राजा म्हणून बघवत नाही. हरलेल्यांच्या रांगेतले ते शेवटचे असतील, पण विचारणाऱ्यांच्या रांगेत ते खूप पुढे उभे आहेत.

आता भावाचं बघा, कारण सही केली असती तर काय झालं असतं याचा जवळजवळ प्रयोगच इतिहासाने करून ठेवलाय. नोव्हेंबर १८३९ मध्ये अप्पासाहेब म्हणजे शहाजी महाराज गादीवर बसले. त्यांनी कंपनीच्या सगळ्या अटी मानल्या. कारभार बरा केला, वाईट राजे नव्हते ते, हेही सांगितलं पाहिजे. कंपनीच्या मर्जीत राहिले, कुठल्या कारस्थानाचा आरोप नाही, सगळं सुरळीत. मूल नव्हतं. ५ एप्रिल १८४८ ला वारले, जायच्या काही तास आधी दत्तक घेतला, व्यंकोजी. रेसिडेंट बार्टल फ्रियर म्हणाला दत्तक मान्य करा, मुंबईचा गव्हर्नर क्लार्क म्हणाला खालसा करू नका. गव्हर्नर जनरल डलहौसीने ऐकलं नाही. परवानगीशिवायचा दत्तक चालत नाही, वारस नाही, राज्य खालसा. दत्तकाच्या नावाखाली पुढे झाशी, नागपूर घेतली, त्याची सुरुवात साताऱ्यापासून झाली.

म्हणजे ज्याने नकार दिला त्याचं राज्य रातोरात गेलं, ज्याने सगळं मान्य केलं त्याच्या वंशाचं नऊ वर्षांत गेलं. कागदावर सही करून वाचलं असतं ते नऊ वर्षं. माझ्या त्या जुन्या प्रश्नाचं, की रयतेसाठी सही करायला नको होती का, यातून पूर्ण उत्तर मिळतं असं मी म्हणत नाही, नऊ वर्षंसुद्धा माणसांच्या आयुष्यात काही कमी नसतात. पण सही न करण्यात महाराजांनी रयतेचं फार काही घालवलं, असं आता म्हणता येत नाही.

१८५७ मध्ये साताऱ्यात उठावाचा कट उघडकीला आला, ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना मारलं, त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीतारामही गेला. रंगो बापूजी स्वतः कधीच सापडले नाहीत. ज्यांनी शिपायांना हात उचलू नका म्हणून बजावलं होतं त्यांच्याच वकिलाच्या घरात आता ही वेळ आली होती. अर्ज ऐकला नाही की काय होतं ते त्या अठरा वर्षांत दिसतं. अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर टेकाडावर चारभिंती म्हणून जागा आहे, प्रतापसिंहांनी दसऱ्याची मिरवणूक बघायला बांधलेली, तिथे आज त्या हुतात्म्यांची आणि रंगो बापूजींची आठवण जपली आहे. साताऱ्याची पोरं संध्याकाळी तिथे वारा खायला जातात, मीही गेलोय, खाली सगळं शहर दिसतं आणि मध्ये राजवाडा.

त्या राजवाड्यात पुढे सरकारी हायस्कूल भरायला लागलं, त्यालाच आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. ७ नोव्हेंबर १९०० ला तिथे इंग्रजी पहिलीत एका मुलाचं नाव घातलं गेलं, भिवा रामजी आंबेडकर. शाळेच्या रजिस्टरमध्ये १९१४ नंबरसमोर त्याची सही आहे, आणि ती अजून जपून ठेवली आहे.